वापरलेल्या लॅपटॉपची वाजवी किंमत कशी ठरवावी? (थिंकपॅड टी४८० आणि आणखी एक पर्याय)

नाशिकरोडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रवेश मिळाला असून तिच्यासाठी वापरलेला लॅपटॉप घ्यावा, असा विचार आहे. नव्याची चौकशी केली तेव्हा तिच्या अभ्यासाला पुरेल असा साधा लॅपटॉप ४२,००० रुपयांना सांगितला गेला. तेवढी रक्कम एकदम काढणे सध्या थोडे जड जाते, म्हणून दोन जुने पर्याय पाहून ठेवले आहेत.

पहिला पर्याय पुण्यात तपकीर गल्लीतील एका दुकानात आहे. लेनोवो थिंकपॅड टी४८०, आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी, असे मिळून २३,५०० रुपये मागितले आहेत. विंडोज, ऑफिस आणि हवे ते सॉफ्टवेअर फुकट टाकून देऊ, असेही दुकानदार म्हणाले. दुसरा पर्याय नाशिकमधील एका गृहस्थांचा आहे. एका नामांकित कंपनीचा घरगुती वापराचा लॅपटॉप, अकराव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, तीन वर्षे वापरलेला. ते ५८,००० रुपयांचे मूळ बिल दाखवतात आणि ‘जवळजवळ निम्म्या किमतीत देतो आहे’ असे म्हणत ३१,००० मागतात.

घासाघीस करायला मला संकोच नाही, पण कोणत्या आकड्यावर ठाम राहायचे तेच कळत नाही. मूळ किमतीच्या अमुक टक्के, असा काही ठोकताळा असतो का?

दुरुस्तीवाला

टक्क्यांचा ठोकताळा सांगणारे पुष्कळ भेटतील, पण त्यात मूळ किंमत धरलेली असते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ५८,००० हा तीन वर्षांपूर्वीचा आकडा आहे. त्या गृहस्थांनी तेव्हा किती मोजले, याच्याशी तुम्हाला आज काहीही कर्तव्य नाही. तुमच्या कामाचा नवा लॅपटॉप आज ४२,००० ला मिळत असेल, तर मोजणी ४२,००० पासून करायची. मग ३१,००० ही निम्मी किंमत राहत नाही. ती नव्याच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश होते, तीही वॉरंटीशिवाय आणि तीन वर्षे घासलेल्या बॅटरीसह. त्या भावात तो लॅपटॉप घेण्याचा विचार मी तरी करणार नाही. शिवाय अकराव्या पिढीच्या आय-५ मधील आयरिस एक्सई ग्राफिक्स (चित्रे-व्हिडिओ हाताळणारा भाग) पूर्ण क्षमतेने चालायला रॅम दोन चॅनेलवर, म्हणजे सहसा दोन पट्ट्यांत, असावी लागते. ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयरिस’ऐवजी ‘यूएचडी’ असे नाव दिसते. तसे दिसले, तर दुसऱ्या पट्टीचा खर्चही त्या ३१,००० मध्ये मिळवून पाहा. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले असल्यामुळे तो खर्च पूर्वीसारखा किरकोळ राहिलेला नाही.

आता वाजवी किंमत. ओएलएक्ससारख्या ठिकाणी फक्त विक्रेत्याची मागणी दिसते. सौदा अखेर कितीला पटला, ते दिसत नाही. दोन-दोन महिने न विकली गेलेली जाहिरातही बाजारभाव म्हणून तुमच्यासमोर येते. म्हणून मी आधी दोन टोके शोधतो. जुनी उपकरणे विकत घेणाऱ्या संकेतस्थळांवर तोच लॅपटॉप ‘विकायला’ काढून पाहायचा. ते जो आकडा देतील तो तळ, कारण त्या भावात घेऊन त्यांना पुढे नफा कमवायचा असतो. मग वर्षभराची वॉरंटी देणाऱ्या मोठ्या रिफर्बिश्ड (जुने नग तपासून-दुरुस्त करून विकणाऱ्या) विक्रेत्यांकडे त्याच मॉडेलचा, तेवढ्याच रॅमचा भाव पाहायचा, तो माथा. खाजगी व्यक्तीकडून वॉरंटीशिवाय घेताना सौदा तळाकडे झुकला पाहिजे, दुकानातून बिल आणि वॉरंटीसह घेताना माथ्याकडे. एवढे झाले की समोरच्या नगात जे जे बिघडलेले किंवा कमी आहे, ते बदलण्याचा खर्च त्यातून वजा करायचा.

पण वजाबाकीच्या आधी पाहायच्या काही गोष्टी आहेत, कारण त्या पैसे टाकून दुरुस्त होत नाहीत. टी४८० हा मुख्यतः कंपन्यांच्या वापराचा लॅपटॉप आहे. त्याच्या बायॉसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) सुपरवायझर पासवर्ड असेल आणि तो कोणाला ठाऊक नसेल, तर मदरबोर्ड बदला, असे स्वतः लेनोवोचेच सांगणे आहे. दुसरे कुलूप विंडोज ऑटोपायलटचे. लॅपटॉप जुन्या कंपनीच्या खात्यात नोंदलेला राहिला असेल, तर आज तो व्यवस्थित चालतो. उद्या विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडले, की ‘आपल्या संस्थेचा लॉग-इन द्या’ असा पडदा समोर येतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी, दुकानातच, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून लॅपटॉप रीसेट करायला लावा आणि साधे वैयक्तिक खाते स्वीकारले जाते की नाही, ते डोळ्यांनी पाहा. यांपैकी एक जरी कुलूप निघाले, तरी त्या नगाची किंमत सुट्या भागांएवढीच समजावी आणि उठून यावे.

टी४८० चा आणखी एक नाजूक भाग म्हणजे त्याची यूएसबी-सी तोंडे. याला गोल पिनेचा चार्जर नाही. चार्जिंग होते ते डाव्या बाजूच्या दोन यूएसबी-सी तोंडांतूनच, आणि ही तोंडे थेट बोर्डवर सोल्डर केलेली असतात. त्या काळच्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (यांतल्या एका यूएसबी-सी तोंडावरच्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरचा, म्हणजे चिपमध्येच साठवलेल्या सॉफ्टवेअरचा, एक जाहीर दोष होता, ज्यामुळे कालांतराने ते तोंड काम करेनासे होई. लेनोवोने दुरुस्तीचे फर्मवेअर दिले, पण ते कोणी टाकले असेलच, असे नाही, आणि एकदा बिघाड झाल्यावर ते टाकून उपयोग होईलच, असेही नाही. चार्जर दोन्ही तोंडांत आळीपाळीने लावा, पिन हलकेच वरखाली करा आणि चार्जिंगचे चिन्ह जाते-येते का, ते पाहा. एचडीएमआयची तारही लावून पाहा.

बॅटरीचा अहवाल आणि पडद्याचे रेझोल्यूशन इथे टाकलेत, तर आकडा काढून देतो. टी४८० हा १३६६ × ७६८ च्या पडद्यासहही विकला गेला होता, आणि कंपन्यांनी मोठ्या संख्येने घेतलेल्या लॉटमध्ये तोच स्वस्त पडदा बऱ्याचदा निघतो. दुकानदार ते आपणहून सांगत नाहीत.

जमाखर्च

मी लेखापाल आहे, तेव्हा टक्क्यांच्या बाजूने थोडे बोलतो. प्राप्तिकरात संगणकावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा (वापरामुळे घटलेल्या किमतीची वजावट) मिळतो. कंपनीने ८५,००० चा लॅपटॉप घेतला असेल, तर तीन पूर्ण वर्षांच्या घसाऱ्यानंतर तिच्या वहीत त्याची किंमत १८,३६० उरते आणि पाच वर्षांनंतर सुमारे ६,६०० उरते. (खरेदीच्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापर झाला असेल, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा वर राहतो.) हा बाजारभाव नव्हे, हे मला मान्य आहे. पण तीन-चार वर्षांनी असे लॅपटॉप लॉटने बाहेर का पडतात, ते यावरून कळते. वहीत फारसे मूल्य उरलेले नसते, तीन वर्षांची वॉरंटी बहुधा संपलेली असते आणि प्रत्येक नगामागे भांडत बसण्यात कंपनीला रस नसतो. टी४८० बाजारात आला २०१८ च्या सुरुवातीला. त्यामुळे दुकानदाराने तो काय भावाने उचलला असेल, याचा अंदाज बांधताना हे ध्यानात असू द्यावे.

दुसरा मुद्दा बिलाचा. तुमच्या दुकानदाराने अजून म्हटले नसेल, पण बिल मागितल्यावर ‘मग १८ टक्के जास्त पडतील’ हे वाक्य पुष्कळदा ऐकायला मिळते. वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये वेगळी सोय आहे. खरेदीवर त्याने इनपुट क्रेडिट (खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट) घेतलेले नसेल, तर कर त्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. १५,००० ला घेतलेला नग २०,००० ला विकला, तर कराची रक्कम ५,००० वर मोजायची, म्हणजे ९०० रुपये. २०,००० वर मोजून ३,६०० नव्हे. त्याने कंपनीकडून करासहित बिलावर माल घेऊन क्रेडिट घेतले असेल, तर मात्र पूर्ण किमतीवर कर लागू होतो आणि त्याचे म्हणणे रास्त ठरते. तो नोंदणीकृतच नसेल, तर त्याला जीएसटी आकारताच येत नाही. तेव्हा बिलाचे पैसे वेगळे मागितले गेले, तर यांतले नेमके काय आहे, हे शांतपणे विचारावे. किंमत बिलासह ठरवूनच बोलणी सुरू केली, तर हा प्रश्न उद्भवतही नाही.

सावकाश

मुलगी पदविकेला आहे, म्हणजे तीन वर्षे नक्की, आणि पुढे थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत गेली तर आणखी तीन. मग वर्षाचा खर्च काय पडतो, ते पाहायला हवे. ४२,००० चा नवा लॅपटॉप सहा वर्षे चालला, तर वर्षाला ७,००० पडतात. २३,५०० चा टी४८० तीन वर्षे चालला, तर वर्षाला ७,८०० हून अधिक पडतात आणि त्यानंतर तो विकून हाती फारसे काही येणार नाही. म्हणजे सांगितलेल्या भावात जुना घेण्यात आज हातात राहणारी रोख सोडली, तर फायदा काहीच नाही. रोख वाचणे हाही खरा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण जुना घ्यायचा तर वर्षाचा खर्च नव्यापेक्षा स्पष्टपणे कमी असला पाहिजे. माझ्या मते तीन वर्षांच्या हिशेबाने त्या टी४८० साठी, दुरुस्त्यांसकट, १८,००० च्या वर जाऊ नये.

आठव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालते, ही त्यातली जमेची बाजू आहे. त्याच गल्लीत कोणी टी४७० आणखी चार-पाच हजारांनी स्वस्त दाखवला, तर मोहात पडू नका. त्यातले सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लिनक्स वापरणाऱ्याला मात्र हेच नग आज सर्वांत किफायतशीर पडतात.

नाशिकरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. काल पुण्याला गेलो होतो, तेव्हा सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तपासून आलो. दुकानदार त्रासले नाहीत, उलट त्यांनी स्वतःच रीसेट करून दाखवले. कोणत्याही संस्थेचा लॉग-इन मागितला गेला नाही. बायॉसमध्ये पासवर्डशिवाय जाता आले. चार्जिंग दोन्ही तोंडांतून होते.

बॅटरीचा अहवाल ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा देऊन काढला. त्यात दोन बॅटऱ्या दिसल्या. दोन्हींची मूळ क्षमता २३,९४० मिलीवॅट-तास आहे. आतल्या बॅटरीची पूर्ण चार्ज क्षमता आता १७,१०० आणि बाहेरून काढता येणाऱ्या बॅटरीची ११,९०० आहे. पडदा १३६६ × ७६८ चाच निघाला. बाजूने पाहिल्यास अक्षरे फिकट दिसतात. तिथेच एका कारागिराला विचारले, तेव्हा फुल एचडी पॅनेल बसवून ४,५०० आणि बाहेरची बॅटरी २,८०० असे त्याने सांगितले.

संकेतस्थळांवरही पाहिले. विकायला काढल्यास टी४८० चे ९,५०० देऊ करतात. वर्षभराच्या वॉरंटीचा, फुल एचडी पडद्याचा, १६ जीबीचा नग २४,००० ला आहे. नाशिकच्या गृहस्थांना फोन केला, पण ते २९,००० च्या खाली यायला तयार नाहीत, तेव्हा तो विषय सोडून दिला. आता दुकानदाराला काय आकडा सांगावा?

दुरुस्तीवाला

तुम्ही आणलेल्या आकड्यांवर हिशेब सरळ होतो. माथा २४,००० चा, पण त्यात वर्षभराची वॉरंटी आहे आणि तुम्हाला सहा महिन्यांची मिळते आहे. त्या फरकाचे मी २,००० धरतो. ही रक्कम अंदाजाची आहे, कोणी १,५०० धरेल. राहिले २२,०००. फुल एचडी पडद्याचे ४,५०० वजा केले, की १७,५००. बाहेरच्या बॅटरीचे २,८०० वजा केले, की १४,७००. आतली बॅटरी मूळच्या ७१ टक्क्यांवर आहे. सात-आठ वर्षे जुन्या नमुन्याच्या लॅपटॉपमध्ये ही झीज गृहीतच धरायची असते, तिच्यासाठी मी काही वजा करणार नाही. बाहेरची मात्र निम्म्यावर आली आहे.

त्यामुळे बोलणी १४,००० पासून सुरू करा आणि १५,५०० पर्यंत गेलात, तरी व्यवहार वाजवी आहे असे समजा. दोन्ही दुरुस्त्या धरून तुमचा एकूण खर्च मग २२,८०० होतो, आणि तो सावकाश यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर जातो, हे मला दिसते आहे. त्यांच्याशी माझा मतभेद इतकाच, की टी४८० तीनच वर्षे चालेल, हे गृहीतक मला कडक वाटते. त्यात रॅमच्या दोन्ही पट्ट्या सुट्या आहेत, एसएसडी बदलता येते, कीबोर्ड बदलता येतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती लॅपटॉपचे हिंज तुटून कव्हर फाटते, तसे याचे सहसा होत नाही. त्याच मालिकेतला टी४८०एस घेतला असता, तर काही रॅम बोर्डवर सोल्डर केलेली निघाली असती. टी४९० चेही तेच. या दृष्टीने टी४८० ची किंमत त्याच्या वयाच्या मानाने टिकून आहे, ती उगीच नाही.

एसएसडीचा उल्लेख तुम्ही केला नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून तिचे नाव, आरोग्याची टक्केवारी आणि चालू राहिलेले तास पाहा. लॅपटॉपच्या तळावरचा सिरियल नंबर लेनोवोच्या संकेतस्थळावर टाकला, की कारखान्यातून तो कोणत्या भागांसह निघाला, तेही कळते. मूळची २५६ जीबीची काढून अनोळखी नावाची नवी ५१२ जीबीची टाकलेली असेल, तर ती वाईटच असते असे नाही. पण ‘५१२ आहे’ म्हणून त्यासाठी जास्त मोजायचे कारण नाही. फुकट टाकून देणार असलेल्या ऑफिसची किंमत शून्य धरा. ते परवान्याचे नसते, आणि मुलीला महाविद्यालयाकडून ऑफिसचे खाते मिळते का, ते आधी विचारून घ्या. विंडोजचा परवाना मात्र अशा लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच बहुधा असतो; सेटिंग्जमधील अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल परवाना’ असे लिहिलेले दिसले पाहिजे.

शनिवारवाडा_परिसर

वरचा हिशेब बरोबर आहे, पण दुकानदार १५,५०० ला देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचे भाडे आहे, माणसे आहेत, सहा महिन्यांत परत येणारे नग त्यालाच सोसावे लागतात. शिवाय तुम्ही पडद्यासाठी ४,५०० वजा करता, तेव्हा तो ‘पडदा चालू आहे, खराब कुठे आहे?’ असेच म्हणणार, आणि त्याच्या बाजूने तेही खोटे नाही.

त्यापेक्षा त्याच्याकडे दुसरा नग मागा. टी४८० सारखा लॅपटॉप तपकीर गल्लीत एकटा येत नाही. लॉट येतो, आणि एकाच लॉटमध्ये दोन्ही प्रकारचे पडदे असू शकतात. ‘फुल एचडी पडद्याचा आणि बाहेरची बॅटरी ८० टक्क्यांच्या वरची, असा नग दाखवा, १९,५०० देतो’ असे म्हणून पाहा. त्याला एक नग उचलून दुसरा ठेवायचा असतो, खिशातून काही काढावे लागत नाही. त्यामुळे किंमत कमी करण्यापेक्षा नग बदलून देणे त्याला सोपे जाते. तुमच्या दृष्टीने तोच लॅपटॉप पॅनेल बदलण्याच्या खटाटोपाशिवाय मिळतो. बाहेरची बॅटरी तर तो उभ्या उभ्या दुसऱ्या नगाची काढून लावू शकतो, कारण ती दोन खटक्यांनी निघते. फक्त लावल्यावर अहवाल पुन्हा काढा. नग बदलला, म्हणजे रीसेट, बायॉस आणि चार्जिंगची तोंडे हेही सगळे पहिल्यापासून तपासावे लागेल.

वॉरंटीत काय येते, ते बिलावरच लिहून घ्या. मदरबोर्ड आणि पडदा त्यात येतो का, दुरुस्तीला किती दिवस लागतील, आणि बिघडल्यास पैसे परत मिळणार की बदली नग मिळणार, एवढे तरी लिहिलेले असावे. बॅटरी आणि चार्जर बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. बिलावर सिरियल नंबर हवाच आणि तो तळावरच्या स्टिकरवरून न उतरवता बायॉसमध्ये दिसतो तो उतरवून घ्या, कारण तळाचे कव्हर दुसऱ्या नगाचे बसवलेले असू शकते. पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यावर यूपीआयने द्या.

नाशिकरोडकर

नग बदलून मागण्याचे मला सुचलेच नव्हते. येत्या शनिवारी मुलीला बरोबर घेऊन जाणार आहे. कीबोर्ड तीच तपासेल. १९,५०० वर ठाम राहीन आणि फार तर २०,००० पर्यंत जाईन. तसा नग त्यांच्याकडे नसेल, तर १५,५०० चा प्रस्ताव ठेवून उत्तराची वाट पाहीन.